आमचे हे खाली अडकलेत

त्या करमणुकीच्या पार्कमध्ये नोकरीला असलेल्या दोनशे माणसांत एका माणसाला नाव नव्हतं. म्हणजे आईवडिलांनी ठेवलेलं होतं, पगाराच्या कागदावरही होतं, पण हाक मारताना ते कुणाच्याच तोंडी यायचं नाही. सगळे त्यांना 'हे' म्हणायचे. 'हे जेवायला गेलेत.' 'पाळण्याचा पट्टा सुटलाय, ह्यांना पाठवा.' एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी रजेच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'हे दोन दिवस येणार नाहीत.' नव्याने लागलेल्या कारकूनबाई ती वही घेऊन 'हे म्हणजे नक्की कोण?' असं विचारत अर्धा दिवस पार्कभर फिरल्या.

हे म्हणजे फिटर. आणि ज्यांचे ते हे, त्या वहिनी. वहिनींनाही नाव होतं, पण नवरा बिननावाचा झाल्यावर बायकोचं कोण लक्षात ठेवतं? शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी.

वहिनींची नोकरी पाताळखाणीवर. खोट्या डोंगराच्या पोटात एक खोटी खाण, त्या खाणीत लोखंडी पिंजरा आणि पिंजऱ्यात चोवीस खुर्च्या. माणसं बसवायची, आडव्या दांड्या लावायच्या आणि पिंजरा अंधारात चार मजले खाली सोडून द्यायचा. मध्ये दोनदा अडकल्याचं नाटक, शेवटी तळाशी चार सेकंद दार उघडणार, आणि मग सावकाश वर. सगळं मिळून अडीच मिनिटं. पिंजऱ्यात बसण्याआधी लोकांना एका खोलीत उभं करायचे. टेबल, फिरवायच्या तबकडीचा फोन, खुंट्यांवर हेल्मेटं. हिला हजेरीची खोली म्हणत. खाली काय झालंय आणि तुम्ही कशाला निघाला आहात, ते तिथे सांगायचं.

हे सांगण्यासाठी सुरुवातीला एका भारदस्त आवाजाच्या माणसाची टेप होती. 'धोका! आमचे हे यंत्र खाली अडकले आहे. आपण मदत पथक आहात.' वगैरे वगैरे. वहिनी तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचं काम फक्त चोवीस माणसं मोजून दार उघडण्याचं होतं. पण पार्क उघडलं त्याच दिवशी, पहिल्याच फेरीला, टेपने खर्र केलं आणि मान टाकली. सुपरवायझरने धावत येऊन एक कागद त्यांच्या हातात कोंबला. "वाच!" म्हणाला आणि पसार झाला.

खाण वाटावी म्हणून खोलीत मुद्दाम अंधार केलेला. कागद लिहिलेला आहे की कोरा, तेही दिसेना. मग त्यांनी तालमीत ऐकलेलं आठवेल तसं सुरू केलं. "धोका!" एवढ्या जोरात म्हणाल्या की पुढे उभं असलेलं एक मूल भोकाड पसरून रडायला लागलं. त्याने उरलासुरला धीर गेला. "आमचे हे..." म्हणाल्या आणि 'यंत्र' हा शब्द जो गेला तो गेलाच. जिभेच्या टोकाशी येतोय येतोय, आणि येत नाही. "आमचे हे... आमचे हे..." चोवीस माणसं तोंडाकडे बघतायत. वाक्य कुठेतरी टेकवायला तर हवं. शेवटी त्या म्हणाल्या, "आमचे हे खाली अडकले आहेत."

मग मागून एक मावशी कळवळून म्हणाल्या, "अगं बाई! कधीपासून?"

आता काय सांगणार? कानाची पाळी लाल झालेली, लग्नाचा पत्ता नाही, आणि खाली अडकलेला नवरा. पण प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर द्यायला हवं, एवढीच बुद्धी तेव्हा शाबूत होती. "सकाळपासून," त्या म्हणाल्या. "डबासुद्धा नेला नाही."

रडणारं मूल थांबलं, कारण सगळे हसत होते. आणि हसत हसत, "चला, ह्यांना आणू या," असं म्हणत ती चोवीस माणसं पिंजऱ्यात जाऊन बसली.

आता खरी गंमत पुढेच. तळाच्या दाराचा खटका त्या दिवशी अडत होता, म्हणून एक फिटर हातात कंदील घेऊन तिथे उभा राहून तो दाबत होता. पार्कमध्ये लागून आठच दिवस झालेला, अबोल, काम करून तोंडभर वंगण. दार उघडलं आणि चोवीस माणसं एका सुरात ओरडली, "सापडले! हे बघा, सापडले!" मावशी तर पुढे वाकून म्हणाल्या, "अहो, चला वर. बाई किती काळजीत आहेत."

"कोण बाई?" फिटरने विचारलं, आणि दार लागलं.

जेवणाच्या सुट्टीत तो हजेरीच्या खोलीपाशी आला. "मी खाली अडकलोय असं तुम्ही लोकांना सांगितलंत?"

"मी यंत्राबद्दल बोलत होते," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"मग बरोबर आहे. मला सगळे यंत्रच समजतात."

त्या माणसाने आयुष्यात केलेला हा बहुधा एकमेव विनोद. पण नेमक्या जागी केला. दीड वर्षाने दोघांचं लग्न झालं. आधी 'आमचे हे' आणि मग बोहला, असा उलटा संसार. टेप काय, तीन दिवसांत दुरुस्त झाली होती. पण पहिल्या दिवशी येऊन गेलेले लोक चौथ्या दिवशी पाहुण्यारावळ्यांना घेऊन आले आणि दारात विचारू लागले, "ते हे सापडतात ती राइड हीच ना?" साहेब व्यवहारी होते. त्यांनी टेप कपाटात ठेवली आणि फिटरला सांगितलं, खटका दुरुस्त झाला तरी कंदील घेऊन उभं राहायचं. ह्यांच्या साप्ताहिक सुट्टीला दुसरा माणूस उभा केला, तर नेहमीचे लोक वर येऊन तक्रार करायचे, "आजचे हे ते हे नव्हते."

अशी एकोणीस वर्षं. दिवसाला साठ फेऱ्या, साठ वेळा नवरा अडकलेला. वहिनींना कधी कंटाळा आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. ताप अंगात असताना आला, सासूबाई गेल्या त्या आठवड्यात तर फारच आला. पण समोरची चोवीस माणसं पहिल्यांदाच ऐकत असायची. शिळी गोष्ट आपल्याला शिळी, त्यांना ताजी, हे वहिनींना पक्कं कळलेलं होतं. गोष्ट सुरू करण्याआधी त्या बाहेर येऊन रांगेच्या शेवटच्या वळणावर एक फेरी मारायच्या. रांगेला सात वळणं. तिसऱ्यापर्यंत लोक बडबडतात, पाचव्यावर नवराबायकोंची भांडणं एकतर मिटतात नाहीतर पेटतात, आणि सातव्यावर आतल्या पिंजऱ्याचा धडाड असा आवाज ऐकू आला की शूरांची तोंडं बंद होतात. त्यात कोण आतून टरकलंय ते त्या हेरायच्या आणि त्याला एक काम द्यायच्या. "तुम्ही कंदील शोधायचा हं. बाकीच्यांचं लक्ष नसतं." एकदा काम गळ्यात पडलं की माणूस भ्यायचा विसरतो. ऐन वेळी घाबरून परतीच्या छोट्या दाराने माघारी जाणारी माणसं पाताळखाणीवर सगळ्यांत कमी, असं सगळे म्हणायचे.

मग नव्या मॅडम आल्या.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गोष्टीत नवी साहेबीण आली की ती कैदाशीणच असायला हवी असा काही नियम नाही. मॅडमना बसायची सवय नव्हती. गळ्यात घड्याळ, पायात बूट, आणि उन्हात रांगेत उभं राहून स्वतः वेळ मोजायच्या. आठवड्याभराने त्यांनी वहिनींना बोलावलं.

"वहिनी, काल एक आजोबा तुमच्या रांगेत एक तास पन्नास मिनिटं उभे होते. अडीच मिनिटांसाठी."

"हो," वहिनी म्हणाल्या. "मी त्यांना स्टूल दिलं."

"स्टूल हा उपाय आहे का?"

नव्हताच, आणि ते वहिनींनाही ठाऊक होतं.

"मी रांग काढून टाकणार आहे. फोनवर नंबर घ्यायचा, नंबर आला की यायचं. आणि खोलीत साडेतीन मिनिटं जातात, तेवढा वेळ पिंजरा रिकामा उभा. लोक राइडसाठी येतात, वहिनी. भाषण ऐकायला नाही."

"भाषण नाही हो ते."

"मग काय आहे?"

एकोणीस वर्षं बोलून पोट भरणाऱ्या बाईला त्या वेळी एक धड वाक्य सुचलं नाही. ठरलं असं, की चार दिवस खोली बंद ठेवून बघायची. बाहेर पडताना लोकांना एक प्रश्न विचारायचा, त्यावरून निकाल. खोली कायमची बंद झाली तर वहिनींना पाण्याच्या राइडपाशी चपला-बूट ठेवायच्या खिडकीवर जागा होती. पगार तोच. मॅडमनी तेवढी काळजी घेतली होती. पण वहिनींना रात्री झोप लागली नाही. चपला सांभाळण्यात कमीपणा काही नाही, पण त्या खिडकीवर कुणाला काही सांगायचं नसतं.

पहिला दिवस छान गेला. अगदी खरं सांगायचं तर फारच छान. उन्हात ताटकळणारं एकही माणूस नाही. लोकांनी यावं, बसावं, किंचाळावं, जावं. हजेरीच्या खोलीला कुलूप, आणि वहिनी दारावर फक्त माणसं मोजतायत. संध्याकाळी हे घरी येऊन मुकाट्याने जेवले. ते रोजच मुकाट्याने जेवायचे, त्यामुळे वहिनींना काही वेगळं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना एका बाईने तक्रार लिहून दिली, 'तुमचा कामगार खाली अंधारात राहून गेला आहे, कुणाचं लक्ष आहे का?' आणि दुपारी कुणीतरी ह्यांच्या दिशेने पाण्याची बाटली फेकली. कपाळाला लागली. फार नाही, पण टेंगूळ आलं.

"कशाला फेकली?" रात्री टेंगळावर बर्फ धरत वहिनींनी विचारलं.

"घाबरले." मग हे म्हणाले, "सगळेच घाबरतायत. दार उघडलं की किंकाळी. मला कुणी ओळखतच नाही गं."

ओळखणार कसे? कुणी सांगितलंच नव्हतं. अंधारात चार मजले कोसळून आल्यावर समोर काळ्या तोंडाचा माणूस कंदील घेऊन उभा दिसला, तर तो कुणाचा तरी हे आहे हे लोकांनी कशावरून ओळखायचं?

वहिनी म्हणाल्या, मॅडमना सांगते, तुम्हाला तिथे उभं करू नका. तर ह्यांनी मान हलवली. "उभा राहतो मी. बघू." तिसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी दाढी केली, हातापायांचं वंगण घासून काढलं आणि लग्नकार्यातला पांढरा सदरा घालून निघाले. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "जरा बरा दिसलो तर घाबरणार नाहीत." पण पाताळात उभा असलेला पांढऱ्या सदऱ्यातला माणूस काळ्या तोंडाच्या माणसापेक्षा भयंकर दिसतो, हे त्या भोळ्या जिवाला कुठून सुचणार? त्या दिवशी दोन पोरं आणि एक धट्टाकट्टा पैलवान रडत वर आले.

रात्री सदऱ्याची घडी घालताना वहिनींना रडू फुटलं. खोली गेली तर गेली, चपला सांभाळू; पण आपला नवरा, मुंगीलाही वाट देणारा माणूस, साठ वेळा लोकांच्या किंकाळ्या ऐकत उभा राहतो, हे त्यांना सहन होईना. आणि त्याच वेळी डोक्यात आलं, की एकोणीस वर्षांत आपण स्वतः एकदाही खाली गेलो नाही. एक फेरी गेली की दुसऱ्या चोवीस जणांना सांगायचं, जाणार कधी? बाहेरचं दारही डोंगराच्या पलीकडच्या बाजूला. लोक जाताना दिसायचे, परत येताना कधीच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मदतनीस बाईला दारावर उभं केलं आणि सरळ पिंजऱ्यात जाऊन बसल्या. दुपारची वेळ, पाच-सहा खुर्च्या रिकाम्या. पलीकडच्या खुर्चीवर मॅडम, घड्याळ हातात. मॅडमनी भुवया उंचावल्या. वहिनींनी दांडी पोटाशी ओढून घेतली.

आणि पिंजरा सुटला. वहिनींची काय अवस्था झाली ते सांगण्यात अर्थ नाही. लोकांना एकोणीस वर्षं 'घाबरू नका' म्हणणाऱ्या बाईने देवाचं नाव घ्यायचं सोडून ह्यांच्या नावाने जी बोंबलायला सुरुवात केली, ती तळ येईपर्यंत. दार उघडलं. कंदिलाचा उजेड, आणि उजेडात कपाळावर टेंगूळ आलेला तो माणूस. शेजारच्या मुलीने किंकाळी फोडली, मागे कुणीतरी "भूत!" म्हणून ओरडलं. ह्यांनी मान खाली घातली. चार दिवसांत तेवढी सवय झाली होती.

"ओरडू नका हो!" वहिनींचा आवाज खोलीत घुमायचा तसा घुमला. "भूत कसलं? हे आमचे हे आहेत!"

ह्यांनी वर बघितलं.

"तू?" ते म्हणाले. "तू कशाला आलीस खाली?"

"तुम्हाला न्यायला," वहिनी म्हणाल्या. "एकोणीस वर्षं लोकांना पाठवतेय. म्हटलं, आपण एकदा जावं."

पिंजऱ्यात कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. ती किंचाळलेली मुलगी म्हणाली, "अहो मग या ना वर, जागा आहे." चार सेकंद होऊन गेलेले. पण दार लागू नये म्हणून ह्यांनी खटका दाबून धरलेला, आणि तो हात हलत नव्हता. या माणसाने कधी दोन मिनिटं आधी डबा उघडला नव्हता. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी हातातलं घड्याळ बंद केलं आणि वॉकीटॉकीवर सांगितलं, "पुढची फेरी दहा मिनिटं थांबवा." मग ह्यांनी कंदील खाली ठेवला आणि वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

वर जायला पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, "रोज काय म्हणायचे हो लोक तुम्हाला?"

"म्हणायचे, चला, वहिनी वाट बघतायत." हे म्हणाले. "साठ वेळा. कुणी हात पुढे करायचं. पोरं टाटा करायची. मला वाटायचं, तुला ठाऊक असेल."

वहिनींना ठाऊक नव्हतं. आपण नुसतं बोलत होतो असं त्या समजत होत्या. आपण दिवसभर, दर आठ मिनिटांनी, या माणसाकडे चोवीस हसरी तोंडं पाठवत होतो हे त्यांना आज कळलं. कुणाकुणाचे आभार मानायचे? त्या अंधाराचे, त्या बिघडलेल्या टेपचे, 'कधीपासून' विचारणाऱ्या त्या मावशींचे? त्यांनी ह्यांचा वंगणाचा हात घट्ट धरला आणि पदराने डोळे पुसले.

बाहेरच्या दारावर प्रश्न विचारणारी मुलगी पाटी-पेन घेऊन उभी होती. तीन दिवस तिच्या कागदावर 'मजा आली', 'भीती वाटली', 'एवढंच?' असली उत्तरं होती. या फेरीचा पहिलाच माणूस म्हणाला, "त्यांना वर आणलं आम्ही." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. ती मुलगी बुचकळ्यात पडली, कुणाला आणलं? लोकांनी बोट दाखवलं.

मॅडमनी तो कागद वाचला. पुन्हा वाचला. "वहिनी, रांग मी काढणारच," त्या म्हणाल्या.

"काढा हो," वहिनी मनापासून म्हणाल्या. "वाट बघणं वेगळं, ताटकळणं वेगळं. आजोबांचे पाय दुखवून कुणाला गोष्ट सांगायचीय? पण आत येतील तेव्हा मला माझी साडेतीन मिनिटं द्या."

"चार घ्या. उद्या सकाळी खोली उघडा." आणि मग घड्याळाशी चाळा करत म्हणाल्या, "आणि ह्यांना सांगा, तो पांढरा सदरा नको."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाला हात जोडून "बरं झालं आलात, फार उपकार झाले," म्हणू लागल्या. लोक लाजले, हसले. सगळ्यांत शेवटी तिशीला टेकलेली एक बाई आली. ती ह्यांच्या तोंडाकडे निरखून बघत उभी राहिली.

"अहो, मी चौथीत असताना काढलं होतं तुम्हाला वर," ती म्हणाली. "पुन्हा गेलात खाली?"

ह्यांना दहा मिनिटं संपायच्या आत तळाशी पोचायचं होतं. ते जिन्याकडे वळले होते, ते थांबले.

"जातो रोज," ते म्हणाले. "तुम्ही लोक न्यायला येता ना."